भाग कंपनीचा की बाजारातला?

कोलकात्यातील पार्क स्ट्रीट, म्हणजेच आजची मदर तेरेसा सरणी, ज्या ठिकाणी आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाला मिळते, तो परिसर मल्लिक बाजार या नावाने ओळखला जातो. जवळच १७६७ साली सुरू झालेले साउथ पार्क स्ट्रीटचे जुने ख्रिस्ती दफनस्थान आहे. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांची समाधी ज्या लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत आहे, तीही इथेच. अशा शांत शेजारात दिवसभर हातोड्यांचा आवाज घुमत असतो. मोडीत निघालेल्या मोटारी व मोटारसायकली इथे सुट्या होतात आणि त्यांचे अवयव दुसऱ्या गाड्यांना जीवदान देतात. बदलीच्या निमित्ताने कोलकात्यास येणाऱ्या आपल्या बँकेतील सहकाऱ्यांना हा बाजार पहिल्यांदा बहुधा गाडीचा एखादा भाग शोधतानाच भेटतो. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनीचा हवा की लोकल?

हा प्रश्न सर्वांत निकडीचा होतो तो इंजिन उघडल्यावर, आणि त्यातही खडबडीत वाटांवर धावणाऱ्या मोटारसायकलीचे, म्हणजे ज्याला तरुण मंडळी डर्ट बाईक म्हणतात तिचे इंजिन उघडल्यावर. बाहेरच्या देशांत अशा गाड्या खास शर्यतीसाठीही बनतात आणि त्यांच्या इंजिनाचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर मोजतात. आपल्याकडे या छंदाचा भार प्रामुख्याने रस्त्यावरच्याच गाड्यांनी उचलला आहे. पूर्वी यामाहा आरएक्स १०० आणि येझ्दी, तर २०१९ पासून हीरोची एक्सपल्स २००. कोलकात्यातील हौशी तरुण सुटीच्या दिवशी पुरुलियातील अयोध्या डोंगराकडे किंवा बांकुड्याच्या माळांकडे निघतात. तिथली जांभ्याची तांबडी माती आपल्या कोकणातील मातीची आठवण करून देते. दिसायला ती मोहक असली तरी इंजिनाला ती वैरीण आहे. हवेच्या गाळणीतून निसटलेली तिची बारीक धूळ सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश कागदासारखी घासत राहते. मग धूर येऊ लागतो, ओढ कमी होते आणि एक दिवस मिस्त्री सांगतो की, आता बोअरचे काम करावे लागेल.

इथपर्यंत निवडीला वाव नसतो. खरी निवड पुढे सुरू होते, आणि ती ‘अस्सल की नक्कल’ इतकी सरळ नाही. बाजारात ‘कंपनीचा नसलेला’ म्हणून जे मिळते त्यात किमान तीन निरनिराळ्या जाती आहेत. पहिली जात अशी की, वाहन कंपनीला जो कारखाना भाग पुरवतो तोच कारखाना तसा भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालूनही विकतो. दुसरी जात स्वतंत्र, नामांकित उत्पादकांची. तिसरी जात निनावी मालाची, आणि तिच्यातच दुसऱ्याच्या नावाचे खोटे खोके घातलेला बनावट मालही मोडतो. या तिन्हींना एकाच ‘लोकल’ शब्दात कोंबल्यामुळे ग्राहक एक तर नाहक पैसे घालवतो किंवा नाहक धोका पत्करतो.

पहिल्या जातीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. वाहन कंपन्या इंजिनातील सगळे भाग स्वतः घडवत नाहीत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक हे उद्योग वाढले ते दुचाकी कंपन्यांचे पुरवठादार म्हणूनच. एन्ड्युरन्सचे क्लच आणि व्हॅरॉकचे इंजिन व्हॉल्व्ह गाडीत बसतात तेव्हा ते ‘कंपनीचे’ ठरतात. चिंचवडच्या एसकेएफचे बेअरिंग, पतियाळ्याच्या गोएत्झेचे पिस्टन व रिंगा, गाझियाबादच्या श्रीराम पिस्टन्सचे ‘उषा’ छापाचे पिस्टन यांची गोष्टही तशीच. तेव्हा दुकानात हातात आलेल्या भागाविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न ‘कंपनीचा आहे का’ हा नसून ‘बनवला कोणी’ हा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाच कारखान्याचे नाव असले म्हणजे दोन्ही खोक्यांतील भाग तंतोतंत एकच असतील, असे समजू नये. वाहन कंपनी आपल्या आरेखनानुसार मिश्रधातू, लेप आणि मापाची सूट ठरवून घेते. तोच उत्पादक खुल्या बाजारासाठी थोडा वेगळा भाग बनवू शकतो. म्हणून भागाचा क्रमांक पडताळून पाहणे आवश्यक असते.

आता पिस्टन. आरएक्स १०० चे उदाहरण घेऊ, कारण तिचे गणित सोपे आहे. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची एका दिशेची धावही ५० मिलिमीटर. मिनिटाला ७,५०० फेरे होत असताना हा पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर जाऊन खाली येतो, म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर, ताशी ४५ किलोमीटर होतो. आणि हे सारे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावयाच्या मोकळीकीत! तापल्यावर ॲल्युमिनियम फुगते. ते फार फुगू नये म्हणून चांगल्या पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉनचे प्रमाण काटेकोर राखलेले असते. भंगारातील ॲल्युमिनियम वितळवून ओतलेल्या निनावी पिस्टनकडून ही अपेक्षा करता येत नाही. तो अधिक फुगतो, भिंतीला चिकटतो आणि इंजिन जागीच आवळले जाते. टू-स्ट्रोक गाडीचे इंजिन वेगात असताना आवळले, तर मागचे चाकही अडकते. जुने चालक डाव्या हाताची दोन बोटे सदैव क्लचवर ठेवतात ते यासाठीच. पिस्टनची निवड हा निव्वळ पैशाचा प्रश्न राहत नाही, तो इथे.

याचा अर्थ पिस्टन कंपनीचाच घ्यावा असाही नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९४१ साली सुरू झालेल्या वायस्को या उत्पादकाचे घडीव पिस्टन शर्यतीच्या जगात मूळ पिस्टनपेक्षाही मजबूत मानले जातात. पण घडीव पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा अधिक फुगतो, त्यामुळे त्याला मोकळीक जास्त द्यावी लागते. मूळ पुस्तकातील मापाने बोअर करून घडीव पिस्टन बसवला, तर उत्तम प्रतीचा भागही इंजिन आवळून टाकील. म्हणून क्रम असा असावा: आधी पिस्टन विकत घ्यावा, तो लेथवाल्याच्या हाती द्यावा, आणि त्याने त्या पिस्टनचे माप घेऊन, उत्पादकाने सांगितलेली मोकळीक राखून सिलिंडर बोअर व होन करावा. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मोठे पिस्टन मिळतात. झीज जितकी असेल तितकीच पायरी चढावी. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारणारा कारागीर पुढच्या खेपेचा सिलिंडर आजच संपवून टाकतो. ज्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो, तो तर साध्या पद्धतीने बोअर करताच येत नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

बेअरिंगच्या बाबतीत चित्र उलटे आहे. त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक आंतरराष्ट्रीय असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, मग ते कोणत्याही देशात बनलेले असो. वाहन कंपनीच्या खोक्यातील बेअरिंग आणि नामांकित उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातील त्याच क्रमांकाचे बेअरिंग यांत पुष्कळदा फरक असतो तो किमतीचा. मात्र क्रमांकापुढील अक्षरे दुर्लक्षू नयेत. ‘सी३’ असे लिहिले असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि तापणाऱ्या इंजिनाला पुष्कळदा तीच लागते. मल्लिक बाजारातील जाणकार मिस्त्री जुने बेअरिंग पुसून, भिंगाखाली धरून ही अक्षरे वाचताना पाहिला की, त्याच्यावर निर्धास्त भरवसा ठेवावा.

रबराचा न्याय आणखी निराळा. आरएक्स १०० आणि येझ्दी या दोन्ही गाड्यांचे उत्पादन १९९६ साली थांबले. तेव्हाचे सीलबंद सुटे भाग आजही कुठे कुठे मिळतात आणि त्यांना ‘जुना अस्सल माल’ म्हणून चढी किंमत मागितली जाते. गिअर किंवा क्रँकसारख्या पोलादी भागासाठी ती द्यावीही, गंज तेवढा तपासावा. पण ऑइल सील, ओ-रिंग आणि कागदी गॅस्केट यांवर तीन दशके लोटलेली असतात. रबर कडक होते, त्याला तडे जातात. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचा सील गळू लागला, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि नवा कोरा पिस्टन जळतो. अशा ठिकाणी खोक्यावर मूळ कंपनीचे नाव असलेल्या जुन्या सीलपेक्षा चांगल्या उत्पादकाचा काल बनलेला सील केव्हाही सरस. जावा हे नाव २०१८ साली भारतात पुन्हा अवतरले, पण नव्या गाडीचे इंजिन सर्वस्वी वेगळे असल्याने जुन्या मालकांच्या शोधाला त्यामुळे काही आधार मिळालेला नाही.

निर्णय करताना एक साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, कंपनीचा पिस्टन संच ३,००० रुपयांना आणि निनावी संच १,८०० रुपयांना मिळतो. बचत १,२०० रुपये. बोअरिंग, गॅस्केट, तेल आणि मजुरी यांचा खर्च ४,००० रुपये, तो दोन्हीकडे सारखाच. निनावी पिस्टन फसला तर हे ४,००० पुन्हा जातात, शिवाय नवा पिस्टन ३,००० रुपयांचा. म्हणजे १,२०० रुपयांसाठी आपण ७,००० रुपये पणाला लावतो. असा पिस्टन फसण्याची शक्यता सहांत एकापेक्षा अधिक वाटत असेल, तर बचत कागदावरच राहते. हाच हिशेब स्पार्क प्लगला लावला तर तो कोसळतो, कारण प्लग बदलायला दोन मिनिटे पुरतात. भाग जितका खोल बसलेला, तितकी त्याच्या किमतीतील घासाघीस महाग पडते. आणि हवेची गाळणी? ती स्वस्त असली तरी तिच्यावर काटकसर करू नये. अयोध्या डोंगराची धूळ आत जाते ती तिच्याच कडेने.

गाडी वॉरंटीत असताना बाहेरचा भाग बसवला तर काय, अशी शंका अनेक ग्राहक विचारतात. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या प्रथेबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात ॲम्बॅसडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्सही त्यांत होती, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिचा तेथील कारखाना बंद पडला होता. स्वतंत्र कारागिराकडे काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि ते मोटारींपुरते होते. म्हणून दुचाकीच्या मालकाने वॉरंटीच्या काळात आपल्या पुस्तिकेतील शब्द स्वतः वाचून घ्यावेत हे उत्तम. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात वाहनांचाही समावेश आहे.

विम्याकडून या कामात फारशी आशा धरू नये. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. अपघातात इंजिनाला इजा झाली तरी पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर वयाचा विचार न करता ५० टक्के घसारा कापला जातो. पावसाळ्यात कोलकात्याचे रस्ते तुंबतात. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरले, तर त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच लागते. एक दिलासा मात्र मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पक्के बिल न घेण्याचा मोह त्यामुळे कमी व्हायला हरकत नाही.

बिलाचे महत्त्व कोलकात्यात तर विशेषच, कारण मोडीच्या बाजारात भाग कोणत्या गाडीतून निघाला हे विकणाऱ्यालाही सांगता येईलच असे नाही. खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, हे पाहावे. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण बनावट मालाची खरी रसद येते ती गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या अस्सल रिकाम्या खोक्यांतून. ती गोळा करून पुन्हा भरली जातात. काम झाल्यावर आपले खोके आपल्या हाताने फाडावे, आणि काढलेले जुने भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्यावेत.

शेवटची बाब क्रँककेसची. इंजिनाचा क्रमांक तिच्यावरच कोरलेला असतो. तडा गेला म्हणून मल्लिक बाजारातून दुसरी क्रँककेस आणून बसवली, तर गाडीचा क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील क्रमांक जुळत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंदणी प्राधिकाऱ्याकडे रीतसर नोंद करावी लागते. वाहनकर्ज अद्याप फिटले नसेल, तर अर्ज करण्यापूर्वी कर्ज देणाऱ्या शाखेचे लेखी संमतीपत्र घ्यावे. त्यासाठी शाखेत येताना नोंदणी पुस्तक, विम्याची प्रत आणि क्रँककेसचे बिल सोबत आणावे.