पहिली लेंडी दिसेपर्यंत

कुत्री किंवा मांजरीची नसबंदी ठरली, की आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायला सांगतात. भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. हाच नियम सशाला लावला, तर टेबलावर जाण्याआधीच त्याचा जीव धोक्यात येतो. सशाला उलटी होत नाही. त्याचं आतडं मात्र दिवसरात्र चालतं राहावं लागतं. काही तास पोटात काही गेलं नाही, की ही हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो, वायूने दुखतं आणि दुखतं म्हणून ससा खाणं आणखी टाळतो. म्हणून सशांची माहिती असलेले पशुवैद्य शस्त्रक्रियेच्या सकाळीही खाऊ द्यायला सांगतात. भुलीआधी तोंडात घास राहू नये, एवढ्यापुरताच तासाभराचा खंड ठेवतात. पिंजऱ्यासोबत दवाखान्यात वाळलेलं गवत आणि कोथिंबिरीची जुडीही जाते.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी? मादीच्या गर्भाशयासाठी. अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेत हॅरी ग्रीन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सशांच्या गर्भाशयातल्या कर्करोगाच्या गाठींचा अभ्यास केला. चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये हा कर्करोग किती सर्रास आढळतो, हे तेव्हापासून माहीत आहे. जातीनुसार प्रमाण बदलतं, पण काही अभ्यासांत ते निम्म्याहून जास्त निघालं. घरातला ससा आठ-दहा वर्षं जगू शकतो, म्हणजे धोक्याची वर्षं त्याचं निम्मं आयुष्य बाकी असतानाच सुरू होतात.

दुसरं कारण घरात लवकर दिसतं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा गावातल्या पेट शॉपमध्ये पिल्लं घेताना नर कोण नि मादी कोण हे ओळखणं अवघड असतं. ‘दोन्ही माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीतून काही महिन्यांतच पिल्लं होतात. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. एकट्या मादीलाही खोटी गर्भधारणा होते. मग ती छातीवरचे केस उपटून कोपऱ्यात घर करते, जवळ जाणाऱ्यावर गुरगुरते, पिंजऱ्यात घातलेल्या हाताला चावते.

योग्य वय चार ते सहा महिन्यांचं. त्याआधीच डॉक्टर निवडण्याचं काम करावं लागतं, आणि ते करताना संकोच करून चालत नाही. तुम्ही सशांची शस्त्रक्रिया नेहमी करता का? उपाशी ठेवायचं का? भूल उतरेपर्यंत जवळ कोण असेल? दुखणं कमी करायला घरी काय द्याल? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, रात्रीपासून’ असं उत्तर आलं, तर दुसरा दवाखाना शोधावा.

ही विचारपूस का हवी, ते एका मोठ्या पाहणीवरून कळतं. ब्रिटनमधली ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के निघालं. निरोगी सशांत ते ०.७३ टक्के होतं. सशांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरच्या काळातले होते. म्हणजे सर्जनचं काम संपतं तेव्हा जपणाऱ्यांचं काम सुरू होतं.

त्याची तयारी आधीच्या आठवड्यांत होते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करून ते लिहून ठेवायचं. ससा रोज किती खातो, लेंड्या किती मोठ्या नि किती टाकतो, हे डोळ्यांत बसू द्यायचं. सुई नसलेल्या सिरिंजने थोडा पातळ खाऊ भरवायची सवय लावायची, म्हणजे पुढे गरज पडली तर ती झटापट ठरत नाही. या दिवसांत आहार बदलायचा नाही. मुख्य जेवण वाळलेलं गवत किंवा हरळी. लसूणघासात कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्या सशाला तो रोजचा नको. एप्रिल-मे टाळता आले तर उत्तम. तिशीपुढचं तापमान सशाला तसंही सोसत नाही.

शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात आटोपते. सशाची कातडी इतकी पातळ असते, की पोटावरचे केस काढतानाच ती फाटू शकते. हात हलका लागतो. लहानसं अंग भुलीत झपाट्याने गार पडतं, म्हणून खाली ऊब ठेवतात. मादीच्या गर्भाशयाची दोन शिंगं असतात आणि त्यांना दोन स्वतंत्र मुखं. अंडाशयांसह ते सगळं काढतात. टाके कातडीच्या आत लपवतात, कारण बाहेर राहिलेला दोरा ससा दातांनी काढून टाकतो.

घरी आल्यावर लाकडाचा भुसा नको, स्वच्छ टॉवेल पुरतो. पिंजरा एकमजली, खोली शांत. पाणी बाटलीऐवजी वाटीत, म्हणजे मान न ताणता पिता येतं. मग डोळे दोन गोष्टींवर: खाणं आणि लेंड्या. संध्याकाळपर्यंत मादीने कोथिंबिरीची काडी ओढली तर उत्तम. बारा तासांत काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. त्यांनी सांगितलं तर भिजवून वाटलेलं पेलेट सिरिंजने, पुढच्या दातांमागच्या फटीतून, थोडं थोडं द्यायचं. प्रत्येक घोट चावून गिळू द्यायचा. पोट टम्म फुगलेलं असेल तर भरवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

ससा वेदना लपवतो, पण चेहरा वाचता येतो. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्यासाठी मोजपट्टीच तयार केली: मिटत आलेले डोळे, चपटे गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, ताठ मिशा, मागे दाबलेले कान. शिवाय पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसणं, जोरात दात खाणं. अशा वेळी वेदनाशामकाची मात्रा डॉक्टरच ठरवतात. घरातल्या डब्यातली गोळी अजिबात नाही. अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं सशाच्या तोंडात गेली, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो.

जखम रोज सकाळ-संध्याकाळ पाहायची: लाली, सूज, ओलावा, कुरतडलेली कड. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लॅस्टिकचा शंकू शक्यतो नको. तो असला की ससा आपल्याच मऊ लेंड्या खाऊ शकत नाही, आणि त्याच्या पोषणाचा एक हिस्सा त्यांतून येतो. दहा दिवस सोफ्यावर उडी नाही, जिना नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. लाथ झाडताना सशाचा कणा मोडू शकतो.

जोडीदार असेल तर त्यालाही दवाखान्यात सोबत न्यावं. दवाखान्याचा वास एकटीच्याच अंगाला लागला, तर परतल्यावर तो तिला ओळखत नाही आणि भांडणं होतात. हा जोडीदार नर असेल आणि त्याचीही नसबंदी झाली असेल, तरी तो पुढचे सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो. तोवर नसबंदी न झालेल्या दुसऱ्या मादीपासून त्याला वेगळंच ठेवावं. ऑपरेशन झालेल्या मादीला पिल्लं होणार नाहीत, पण टाके भरेपर्यंत त्याने तिच्या पाठीवर चढू नये. म्हणून दोघांच्या मध्ये जाळी लावावी, इतक्या अंतरावर की एकमेकांचा वास येत राहील.