कळफलकावरची मराठी

नवे यंत्र आले की त्याच्याभोवती दोन तट पडतात. एक त्याचे गोडवे गातो, दुसरा त्याच्या नावाने बोटे मोडतो. या गदारोळात, ज्यांना ते रोज हाताळावयाचे असते ते कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी आपापल्या परीने ते शिकून मोकळे होतात. संगणक आणि मोबाइल यांच्या बाबतीत महाराष्ट्रात हेच घडले. शिकण्याच्या तयारीबद्दल मराठी माणसाला बोल लावता येणार नाही. प्रश्न आहे तो, त्याने यंत्राला आपल्या भाषेकडे वळविले की भाषेला यंत्रापुढे वाकविले, हा.

जुन्या टंकयंत्रावर बसणारा कारकून अक्षरांच्या आकाराला बांधलेला होता. ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी आणि मग ‘क’. कागदावर आकार उठला की त्याचे काम संपले. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरविलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाने हा क्रम उलटा केला. येथे आधी ‘क’ आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चारात येते तसे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’ आणि ‘ख’ एका कळीवर, तर ‘ग’ आणि ‘घ’ तिच्या लगतच्या वरच्या कळीवर. वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाय गुजराती, कन्नड वा बंगाली लिपीसाठीही मांडणी हीच आहे. पुढे १९९१ साली ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि जगातील कोणत्याही संगणकावर मराठी मजकूर मराठीच दिसण्याची वाट खुली झाली.

वाट खुली झाली, पण पावले तिकडे वळण्यास फार वेळ लागला. कित्येक वर्षे कार्यालये आणि छापखाने अशा अक्षरसंचांवर चालले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले होते. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसे. अशा मजकुरात नाव शोधता येत नाही आणि तो दुसरीकडे न्यायचा तर आधी त्याचे रूपांतर करावे लागते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० वा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागितला जातो. वेग मोजला जातो. पण टंकलेला मजकूर दहा वर्षांनी वाचता येईल काय, हे कोण मोजतो?

विद्यार्थ्यांची गोष्ट याहून निराळी. त्यांनी कोणाची वाट न पाहता रोमन लिपीतून मराठी लिहावयास प्रारंभ केला. संवादाची निकड होती आणि हाताशी जे होते त्यावर त्यांनी निभावून नेले. त्यांना दोष देणे सोपे, पण अन्याय्य. तथापि त्याची किंमत लहान नाही. रोमन लिपीच्या या चालू वळणात ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ एकाच रूपात लिहिले जातात. ‘त’ आणि ‘ट’ यांत भेद उरत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र की ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील घळी, हे संदर्भावरून ताडावे लागते. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ‘र’च्याच कळीवर हा मराठीचा खास ‘ऱ’ आहे. सोय होती, ती आहे हे सांगणारा कोणी नव्हता.

आता रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटते, बोललेले शब्दही लिहिले जातात. मग कळफलक शिकण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. घाईच्या चार ओळींसाठी ही साधने उत्तमच आहेत. परंतु तेथे शब्दाची निवड पुष्कळदा यंत्र करते आणि लिहिणारा ती मुकाट्याने स्वीकारतो. शासकीय टिपणी असो वा परीक्षेचा निबंध, ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी अखेर लिहिणाऱ्याचीच असते.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. शाळेत संगणकाचा तास असतो, तेथे मुलांना इन्स्क्रिप्टचा सराव द्यावा. कार्यालयांनी जुने मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावेत. पाटीवर अक्षर गिरविण्याचा कंटाळा कोणत्याही पिढीला चुकला नाही आणि त्यावाचून कोणी लिहिता झाला नाही. पाटी बदलली आहे. गिरविणे टळलेले नाही.