मोडीत घालण्यापूर्वी दागिना ओळखा



विळ्याची धार गेली की आपण तो लोहाराकडे नेतो. लोहार विळा लाल तापवतो, ठोकतो आणि पाण्यात बुडवतो. पाते कडक होते. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. आता सांगा, चांदी तशीच लाल तापवून पाण्यात बुडवली तर काय होईल?

"कडक होईल," असे मी छातीठोकपणे सांगितले आणि सगळ्यांसमोर चुकलो. चांदी मऊ झाली!

हे घडले देवपुरात. धुळ्याला पांझरा ओलांडली की देवपूर लागते. तिथे एका वयस्क सोनाराच्या पडवीत शनिवार-रविवार असे दोन दिवस जुनी धातुकला शिकायला आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. त्यांत शेतकरी होते, कॉलेजची मुले होती, तीन सुना होत्या आणि शेतीखात्यात केस पांढरे झालेला मी होतो. आमचे गुरुजी बोलायचे कमी आणि दाखवायचे जास्त.

चांदी मऊ का होते, ते त्यांनी ठोकून दाखवले. चांदी किंवा तांबे ठोकत गेले की ते ताठ होत जाते. त्यावरही ठोकले तर चिरते. मंद लाल होईपर्यंत ताव दिला की ताठरपणा जातो. पाणी फक्त गार करण्यापुरते. पोलादाची गोष्ट वेगळी. त्यात कर्ब असतो, म्हणून ते एकदम गार केले की कडक होते.

मग आम्ही तार ओढायला बसलो. चांदीची कांडी ठोकून टोक निमुळते करायचे, ते पोलादी पट्टीच्या भोकात घालायचे आणि सांडशीने ओढायचे. त्यानंतर त्याहून लहान भोक, मग त्याहूनही लहान. मी घाईत एक ताव चुकवला आणि तार तुटली. गुरुजी अहिराणीत एवढेच म्हणाले, "आप्पा, पहिले तपाडा, मंग ठोका."

पुढचे काम डाखाचे. चांदी 961 अंशांना वितळते. डाखात चांदीबरोबर तांबे आणि जस्त असते, म्हणून तो त्याआधी वितळतो. सांध्याला टाकणखार लावायचा, फुंकणीने ज्योत वळवायची आणि डाख पाण्यासारखा पळाला की त्याच क्षणी ज्योत काढायची. क्षणभर उशीर झाला तर कडीची गोळी होते. आमच्या दोन गोळ्या झाल्या.

रविवारी सकाळी मेणाचे ओतकाम झाले. मधमाशांच्या मेणाचे लहानसे पदक करायचे, त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप द्यायचा आणि एक वाट मोकळी ठेवायची. लेप पुरता वाळला की भट्टीत तापवायचा. मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. शेवटी साचा फोडावा लागतो. म्हणजे एका साच्यातून एकच नग निघतो, दुसरा तसाच निघत नाही.

तुम्ही म्हणाल, साहेब, शेतकऱ्याला याचा काय उपयोग? उपयोग त्याच दुपारी समोर आला.

जवळच्या गावची एक ताई सासूबाईंचे चांदीचे डाग फडक्यात बांधून आली. बोअरची मोटर जळाली होती आणि सगळे मोडीत घालायचे ठरले होते. गुरुजींनी एकेक डाग हातात घेतला. दोन वाळे ओतीव आणि साधे होते. तोडे मात्र हाताने ओढलेल्या तारांना पीळ घालून केलेले होते, आणि सांधा कुठे आहे तो भिंगातूनही नीट दिसेना. आदल्या दिवशी तार तोडून बसलेले आम्ही सगळे गप्प झालो. ते किती दिवसांचे काम असेल, हे आता आम्हाला कळत होते.

गुरुजींनी 'विकू नका' असे सांगितले नाही. ते म्हणाले, "बाई, पाणी लागणारच. पण तराजूला दोन्ही सारखेच दिसतात, एवढे ध्यानात ठेव." ताईंनी वाळे काढले आणि तोडे परत फडक्यात बांधले. मोटरच्या खर्चाला थोडे कमी पडत होते. तेवढे भावाकडून घेईन, म्हणाल्या.

मला माझी आई आठवली. 1972 च्या दुष्काळात तिचे गोट मोडले, तेव्हा मी मांडीवर होतो. गोटांचे किती पैसे आले, हे तिने कधी सांगितले नाही. त्यांवरची नक्षी मात्र ती शेवटपर्यंत बोटाने हवेत काढून दाखवायची.

आपल्या मातीत ही कला फार जुनी आहे. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे 1955 मध्ये उत्खनन झाले. तिथल्या सर्वांत जुन्या वस्तीतल्या लोकांना तांबे माहीत होते, लोखंड अजून यायचे होते. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. चारींचे वजन मिळून 60 किलोंहून अधिक. त्या मोडीत गेल्या असत्या, तर 60 किलो तांब्याचा भाव आला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

म्हणून डबा घेऊन बाजारात जाण्यापूर्वी एवढे करा:

1. डाग घरीच वजन करून कागदावर लिहा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि आज बाजारात धरतात तो 10 ग्रॅमचा. आजीचे 5 तोळे म्हणजे सुमारे 58 ग्रॅम, 50 नव्हे.

2. पोकळ सोन्याच्या दागिन्यात लाख भरलेली असू शकते. लाखेचे वजन सोन्यात धरू नका. हिशेब समोर करून घ्या.

3. '916' म्हणजे 22 कॅरेट: हजार भागांत 916 भाग सोने. जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. जुन्या डागावर तो नसेल, तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात कस तपासून मिळतो.

4. मोडणे भागच असेल, तर आधी साधे डाग काढा आणि हातकामाचे शेवटी. जो जाईल त्याचा फोटो काढा आणि तो कोणाचा, कुठे घडवला, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

मुलामुलींना हे काम शिकावेसे वाटले तर जरूर पाठवा, पण दोन गोष्टी बजावून सांगा. कॅडमियमचा डाख वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. आणि आम्ल पाण्यात सोडावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. गंधकाच्या आम्लाने सरकीचे तंतू काढलेल्यांना हे सांगायला नको.

माझी कडी थोडी वाकडीच झाली. ती मी घरी देवघरात ठेवली आहे. आज संध्याकाळी तुम्हीही घरातला डबा उघडा आणि आजीला शेजारी बसवा. चांदीचा भाव उद्याही कळेल. त्या डागाची हकीकत सांगणारे माणूस आज घरात आहे, तोवर विचारून घ्या.