आतड्याचा जोड का सुटतो? सर्जिकल स्टेपलरबद्दल आपल्याला माहीत असायला हवे असे काही

वस्तीतल्या कोणाला ऑपरेशनसाठी दाखल केले की धावपळ कार्यकर्त्यांच्याच वाट्याला येते. रक्ताची बाटली, रेशनकार्ड, योजनेची मंजुरी हे सगळे आपल्याला पाठ असते. पण बिलात ‘स्टेपलर’, ‘रीलोड’ असे शब्द आणि त्यांच्यापुढे मोठे आकडे दिसले की आपण गप्प बसतो. ही वस्तू समजून घेणे तितके अवघड नाही.

जठराचा किंवा आतड्याचा रोगट भाग कापल्यावर उरलेली टोके जोडावी लागतात. हा जोड हाताने टाके घालून करता येतो किंवा स्टेपलरने. 1908 साली बुडापेस्टच्या ह्यूमेर ह्यूल्टल या सर्जनने असे यंत्र पहिल्यांदा वापरले, ते साडेतीन किलोंहून जड होते. आजचे यंत्र हातात मावते. एका दाबात टायटॅनियमच्या पिनांच्या ओळी बसतात आणि बहुतेक प्रकारांत मधून पातेही फिरते. नीट बसलेली पिन वाकून इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी होते. हा आकार मुद्दाम ठेवलेला आहे. त्याच्या पोकळीतून बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात, आणि रक्त पोचले नाही तर कोणताच जोड भरून येत नाही.

गडबड बहुधा जाडीच्या हिशेबात होते. जठराची भिंत खालच्या टोकाला जाड आणि वर पातळ असते, सुजलेले आतडे आणखी जाड होते. म्हणून पिनांच्या काडतुसांना उंचीप्रमाणे रंग दिलेले असतात. जाड भिंतीला आखूड पिन लावली तर ती पूर्ण वळत नाही किंवा मांस चिरडते. पातळ भिंतीला उंच पिन लावली तर जोड सैल राहतो, रक्त झिरपते. यंत्र आवळल्यावर काही सेकंद थांबून मग दाबायचे, म्हणजे भिंतीतले पाणी बाजूला सरते आणि पिना सारख्या बसतात. घाईत नेमके हेच राहून जाते.

जोड झाल्यावर तपासणीही असते. गुदाशयाजवळच्या जोडात पोटात सलाइन भरून खालून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का पाहतात. सायकलवाला पंक्चर शोधतो, अगदी तसेच! गोल स्टेपलरने कापलेल्या दोन चकत्या अखंड आहेत का, हेही पाहतात.

आता कळीचा मुद्दा. अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये जाहीर केले की 2011 ते मार्च 2018 या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर व पिनांबद्दल 41,000 हून अधिक तक्रारी आल्या. त्यांत 366 मृत्यूंच्या आणि 9,000 हून अधिक गंभीर इजांच्या होत्या. प्रत्येक वेळी दोष यंत्राचाच होता असे यातून सिद्ध होत नाही. पण तोवर हे यंत्र सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात होते, याला काय म्हणावे? 2021 मध्ये ते वरच्या वर्गात गेले आणि कंपन्यांवर चाचण्यांची व स्पष्ट सूचनांची सक्ती आली. तक्रारी नोंदल्या गेल्या, मोजल्या गेल्या, म्हणून हे घडले.

आपल्याकडेही 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. गाझियाबादचे इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवते आणि उपकरणामुळे झालेल्या त्रासाची नोंद तिथे करता येते. त्यासाठी उपकरणाचा बॅच नंबर लागतो. म्हणून वेष्टनावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवले आहे का, हे नातेवाइकांनी विचारावे. एकदाच वापरायचे यंत्र नवे, सीलबंद होते का, हेही विचारावे. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही, चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

मात्र सगळा भार यंत्रावर टाकता येत नाही. तंबाखू ओढणारा, कुपोषित किंवा साखर वाढलेला रुग्ण असेल तर उत्तम जोडही सुटू शकतो. तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर आधीचे काही आठवडे विडी-सिगारेट बंद आणि ताटात अंडी, डाळ असावी.

गळती बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात कळते. रुग्ण घरी आल्यावर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे किंवा नाडी जलद होणे दिसले तर दुखण्याची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री, शक्यतो ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातच, डिस्चार्ज कार्डासह न्यावे.