अर्जापर्यंत न पोहोचलेली मुले

स्थलांतरित कुटुंबांतल्या किती मुलांना उच्च शिक्षणासाठी सरकारी मदत मिळते, याचा शोध घेणारा अभ्यासक बहुधा लाभार्थ्यांची यादी मागतो: किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती त्रुटीत अडकले. महाडीबीटी पोर्टलमुळे हे आकडे हाताशी येऊ लागले. पण ज्या मुलीकडे जातीचा दाखला नाही, ती त्या दाखल्यावर मिळणाऱ्या योजनेचा अर्ज भरायलाच बसत नाही. सेतू केंद्रातच तिला सांगितले जाते की तुमचे होणार नाही. मग ती मंजुरांत नसते आणि नामंजुरांतही नसते. म्हणून असा अभ्यास कागदपत्रांच्या साखळीपासून, उलट्या दिशेने करायला हवा. कोणता कागद मागितला जातो, तो मिळवण्यासाठी त्याआधीचा कोणता लागतो आणि शेवटचा कागद कुटुंबातल्या कोणत्या पिढीपाशी जाऊन थांबतो, हे पाहत गेले की मदत गुणांवर किंवा गरिबीवर अडत नसून आजोबांच्या पत्त्यावर अडते, हे दिसू लागते.

या तपासणीसाठी जुन्या भंडारा जिल्ह्याइतका बोलका प्रदेश क्वचितच सापडेल. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला, तोवर अर्जुनी मोरगाव तालुका भंडाऱ्यात होता. या एका तालुक्यात सरकारनेच वसवलेल्या, निर्वासितांच्या दोन समूहांच्या वस्त्या आहेत. अरुणनगर, गौरनगर या गावांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे राहतात. गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे, आणि जिल्हा बदलून पंचवीसहून अधिक वर्षे झाली तरी तिबेटी लोकांत ती भंडारा याच नावाने ओळखली जाते. बंगाली कुटुंबांना नागरिकत्व आहे, पण जातीचा दाखला मिळत नाही. तिबेटी विद्यार्थ्याची अडचण त्याच्याही आधी, नागरिकत्वापाशीच सुरू होते.

बंगाली वस्त्यांत नामशूद्र समाज मोठा आहे. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. शिवाय महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि त्या दिवशी ही कुटुंबे सीमेपलीकडे होती. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्क आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळतात. त्याऐवजी दुसऱ्या कोणत्याही प्रवर्गाचा आधार नसलेल्या मुलाला राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीकडे वळावे लागते, जिथे व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्काचा साधारण निम्मा भार उचलला जातो. या मुलांना इथेही दाखला मिळावा, या मागणीवरचा आक्षेप वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले की या याद्या त्या त्या राज्यापुरत्या असतात, कारण जातीमुळे येणारे मागासपण त्या भूमीवरच्या सामाजिक परिस्थितीतून येते. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण तो खटला नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यातून मुंबईला आलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याचा होता. राज्ययंत्रणेनेच जमीन नेमून दिली, गाव वसवले, तिथे मागासपण मागे सोडून आलात असे म्हणणे न्यायाला धरून नाही. तारखेचे तर्कशास्त्रही या भागात तोकडे पडते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात होते. समजा, एखादे दलित कुटुंब 1953 साली बालाघाटहून तुमसरला आले. त्याने राज्याची सीमा ओलांडलीच नव्हती. तरी दाखल्याच्या हिशेबात आज त्याची नातवंडे परप्रांतीय ठरतात.

तिबेटी मुलांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तहसीलमधून मिळणारे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हा एकच कागद आहे. अधिवासासाठी साधारणपणे 15 वर्षांचे वास्तव्य लागते. ती अट वसाहतीत जन्मलेले मूल सहज पूर्ण करते आणि त्याच कागदावरच्या राष्ट्रीयत्वापाशी अडते. मात्र इथे अभ्यासकाने थांबू नये. नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक असते, आणि ती तिबेटी असली तरी हे लागू होते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये नामग्याल डोलकर प्रकरणात आणि पुन्हा 2016 मध्ये सांगितले. आज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचे आईवडील 1985 च्या सुमारास इथेच जन्मले असतील, तर ते दोघे नागरिक ठरतात आणि 2004 नंतरचा कठोर नियम लावूनही ती मुलगी नागरिकच ठरते. सिद्ध करायला हवी ती आईवडिलांच्या जन्माची नोंद. पण 2017 मध्ये पासपोर्टसाठी केंद्राने घातलेल्या अटींत परकीय म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र परत करणे आणि वसाहत सोडणे यांचाही समावेश होता. हक्क बजावण्यासाठी घर सोडावे लागत असेल, तर तो न बजावणाऱ्या कुटुंबाला उदासीन म्हणता येणार नाही.

तिबेटी विद्यार्थ्यांना त्यांच्या निर्वासित प्रशासनाकडून शिष्यवृत्त्या मिळतात, मग राज्याने का द्याव्यात, असे विचारले जाते. त्या मिळतात हे खरे, पण देणग्यांवर चालणारी मदत आणि कायद्याने मागता येणारी मदत यांत फरक आहे. पहिली आटली तर दाद कुठे मागायची? निधी अपुरा आहे, इथल्याच मुलांचे पैसे वेळेवर येत नाहीत, हा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण ती थकबाकी खरी आहे. तरीही तो या मुलांना लावताना त्यांना इथले न मानण्याचे गृहीतक आधीच शिरलेले असते. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने रेशन आणि रोजगार हमीसारख्या योजना वसाहतींपर्यंत नेण्याची भूमिका घेतली. धान्य देताना वास्तव्य पुरेसे मानणारी व्यवस्था शिक्षणशुल्क देताना ते का मानत नाही, याचे उत्तर निधीच्या तुटवड्यात सापडत नाही. पुढचे काम बारीक आहे. अर्जुनी मोरगावच्या शाळांची बारावीची पटनोंदणी घ्यावी, त्यातली किती मुले पुढे शिकायला गेली आणि कोणी कोणत्या कागदापाशी माघार घेतली हे घरोघरी विचारावे, आणि 1987 पूर्वीच्या जन्मनोंदी ग्रामपंचायतींच्या दप्तरात आजही आहेत का, ते तपासावे.