अमक्याची बायको, वय २६

जमीन नावावर असलेला माणूस गेला की त्याचा माग मागे राहतो. वारसनोंद होते, गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो आणि त्यात 'अमुक तारखेस मयत' असं लिहिलं जातं. पणजोबांची तारीख मला अशी एका अर्जावर मिळाली: १९३१. पणजीच्या नावावर मात्र गुंठाभरही जमीन नव्हती, त्यामुळे तिचा शोध आडवाटेनेच घ्यावा लागला.

घरात तिच्याविषयी दोनच गोष्टी टिकून होत्या. ती साथीत गेली आणि तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला होतं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजोबांनी पुढे दुसरं लग्न केल्यामुळे ती उरली ती 'थोरली' म्हणून.

यातली नवमी फार मोलाची. भाद्रपद वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीची. म्हणजे ती १९३१ च्या आधी गेली. तिचं शेवटचं मूल माझे आजोबा, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९१६ चा. या पंधरा वर्षांत प्लेग होता, पटकी होती. पण सगळ्यांत जास्त माणसं नेली ती १९१८ च्या इन्फ्लुएंझाने. जूनमध्ये तो मुंबईत दिसला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत खेड्यापाड्यांत पसरला. देशभरात कोटीहून अधिक माणसं गेली. शोध तिथूनच सुरू करायचा ठरवला.

आधी नाव हवं होतं, म्हणून नाशिकला गेलो. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की गुरुजी आपल्या घराण्याची वही कुणाकडे आहे ते सांगतात. पिंडदानात बापाइतकीच आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, म्हणून या वह्यांत बायका सापडतात. सरकारी दप्तरात जी नुसती कुणाची तरी बायको असते, तिला इथे नाव असतं. पणजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते, त्या वेळच्या मोडी मजकुरात त्यांच्या मुलांच्या वर तिचं नाव होतं. गुरुजींनी ते बोट ठेवून वाचलं. घरी फोन करून सांगितलं, तेव्हा आत्याने मला ते पुन्हा पुन्हा उच्चारायला लावलं.

नाव मिळालं, तारीख नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्यानंतरचे मृत्यू ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या नोंदवहीत शोधता येतात. त्याआधी खेड्यात कोण कधी गेलं हे पाहायचं तर गाव नमुना १४, म्हणजे सगळे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. ही बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि गाव व साल नेमकं लिहायचं. 'साधारण त्या सुमारास' लिहून भागत नाही. एकेका गावाची वेगळी बुकं कापडात बांधलेली असतात आणि कुणी किती गाठोडी सोडायची यालाही मर्यादा असते.

१९१८ चं बुक समोर आलं. कागद तांबूस, कडा कसरीने खाल्लेल्या. पान उलटताना तळहात खाली धरायचा, नाहीतर घडीवरच तुटतं. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक सोबत होते. वर्षाच्या सुरुवातीच्या पानांवर अक्षर ऐसपैस होतं, दोन नोंदींत मोकळी जागा. ऑक्टोबरला आलो आणि ओळी एकमेकींना चिकटल्या. कारणाच्या रकान्यात ताप, त्याखाली ताप, पुन्हा ताप. शिक्षक आधी मोठ्याने वाचत होते. मग त्यांनी कारण वाचणं सोडून दिलं, फक्त नाव आणि वय सांगू लागले.

नोंद महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होती, म्हणजे आश्विन वद्यात, दिवाळीच्या तोंडावर. पणजोबांचं नाव, 'बिन' लिहून त्यांच्या वडिलांचं, मग 'याची बायको', वय २६, ताप. तिचं नाव नाहीच. भावकीत पणजोबांच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ होते, पण त्यांच्या वडिलांचं नाव वेगळं, म्हणून शंका मिटली. तिच्याखाली दोन ओळी सोडून त्याच घरातली एक मुलगी, वय ४. तिच्याविषयी आमच्यात कुणी कधी बोललेलंच नाही.

ही बुकं आता पुष्कळ ठिकाणी स्कॅन झाली आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी ती तातडीने तपासली गेली, बऱ्याच जिल्ह्यांनी पानं संकेतस्थळांवर टाकली. हे चांगलंच झालं. पण तो शोध जातीच्या रकान्याचा होता. त्याच पानांवर १९१८ ची अख्खी गावं आहेत आणि मोडी येणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. एकेका तालुक्याने ती पानं देवनागरीत उतरवायला घेतली, तर निदान वय आणि नातं शोधता येईल. हे काम व्हायलाच हवं.

नक्कल मिळाली आहे. पुढचं काम तिच्या माहेराचं. नाशिकच्या वहीत माहेरचं आडनाव नाही, पण आजोबांच्या मामांचं गाव आत्याला आठवतं. त्या गावाची यजमानकी कुणाकडे आहे ते गुरुजी विचारून सांगणार आहेत.