खोक्यातला उकाडा आणि रात्रीची झोप

लग्नाचे व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, आजीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट हे सगळे मोबाइलमध्ये मावेनासे झाले, की पुण्या-नागपूरला नोकरीला असलेले घरातले कुणीतरी उपाय सुचवते: घरीच स्टोरेज सर्व्हर ठेवा. म्हणजे दोन ते चार हार्ड डिस्क असलेला, चोवीस तास सुरू राहणारा छोटा संगणक. घरातले सगळे मोबाइल वाय-फायवरून त्यात साठवण करतात. जुन्या संगणकाचे सुटे भाग एका लहान खोक्यात बसवले की काम भागते. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. पंखा घरघरतो, डिस्क तापतात आणि त्या खोलीत झोपणारा माणूस सकाळी आंबलेल्या अंगाने उठतो.

नेरसारख्या गावात मे महिन्यात ही तक्रार कुणी करत नाही. कूलरच्या आवाजात सर्व्हर ऐकूच येत नाही. दिवाळीनंतर कूलर बंद होतो, रात्र शांत होते आणि मग तीच घरघर डोक्यात बसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितल्याप्रमाणे झोपायच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. कुजबुज साधारण तेवढीच असते. लहान पंखा जोरात फिरला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. माणूस दर वेळी पूर्ण जागा होत नाही, पण गाढ झोप उथळ होते. त्यातही एकसारखा आवाज मेंदू लवकर विसरतो. कमी-जास्त होणारा विसरत नाही. सर्व्हरमुळे रक्तदाब वाढतो, असे म्हणणे मात्र अतिशयोक्ती ठरेल. तसे पुरावे आहेत ते मुख्यतः रस्त्यावरच्या रहदारीसारख्या मोठ्या आवाजांबद्दल.

आवाज आणि उष्णता या दोन तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे: जागा कमी. लहान खोक्यात ८० मिलिमीटरचा पंखा बसतो, मोठ्यात १२० मिलिमीटरचा. पंख्याची वारा ढकलण्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास दीडपट झाला, की त्याच वेगात सव्वातीनपटीहून अधिक हवा. म्हणजे तेवढाच वारा मिळवायला मोठ्या पंख्याला एक तृतीयांशापेक्षा कमी वेग पुरतो. वेग उतरला की आवाज फारच झपाट्याने उतरतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने कमी होतो. हिशेबातला हा फायदा प्रत्यक्षात थोडा घटतो, कारण जाळी आणि तारांचा गुंता हवा अडवतात. तरीही फरक कानाला लगेच कळतो.

डिस्कचा स्वतःचाही आवाज असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० कंपनांचा घुमारा देते. शेजारच्या दोन डिस्कच्या वेगात किंचित फरक असला, तर तो घुमारा लाटेसारखा वर-खाली होतो, आणि झोपमोड करायला नेमका असाच आवाज पुरतो. मोठ्या खोक्यात डिस्क रबराच्या गादीवर बसवता येतात, दोन डिस्कमध्ये बोटभर जागा राहते. खोके लोखंडी कपाटावर ठेवू नये. पातळ पत्रा डग्ग्यासारखा घुमतो. भिंतीतल्या दगडी फळीवर ठेवले तर अर्धे काम तिथेच होते.

उष्णतेचे गणित साधे आहे. पंखा डिस्कला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी बंद खोली ४० अंशांवर असेल आणि कोंदट खोक्यात डिस्क त्याहून १५ अंश जास्त तापत असेल, तर ती ५५ वर पोचते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम तापमानाचा परिणाम समजला जातो तेवढा नसतो, असे तिच्यात दिसले. पण अति उष्णता आणि जुनी डिस्क ही जोडी वाईटच निघाली. घरच्या सर्व्हरमध्ये बहुधा जुन्याच डिस्क असतात. यावर कुणी सर्व्हर कूलरसमोर ठेवतो. तसे करू नये. ओलसर हवा आणि पाण्याचे तुषार विजेच्या जोडण्यांना चांगले नाहीत.

आणि कापूस. भाव वाढेल या आशेने इकडे अनेक घरांत कापूस महिनोन् महिने खोलीत साठवलेला असतो. त्यातून अंगाला खाज सुटते, हे इथल्या दवाखान्यांना नवीन नाही. तोच कापसाचा तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. हवा अडली की पंखा वेग वाढवतो आणि आवाज परत येतो. पण खरा धोका आगीचा आहे. चोवीस तास वीज खेळणारे यंत्र कापसाच्या खोलीत ठेवूच नये, खोके कितीही ऐसपैस असो. एका जोडणीतून चार डिस्कना वीज देणारी स्वस्त वायर तर अजिबात नको.

खोके बदलण्याआधी सगळ्या फाइल्सची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग सर्व्हर रीतसर बंद करून, प्लग काढून, डिस्क पूर्ण थांबेपर्यंत मिनिटभर वाट पाहावी. डिस्कच्या तबकडीवर वाचणारे टोक काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. फिरत्या डिस्कला बसलेला धक्का म्हणूनच महाग पडतो. प्रत्येक डिस्कवर क्रमांक लिहावा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून नायलॉनचे कपडे टाळावेत आणि सुट्या भागांना हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. लाइट जाते तिथे यूपीएस हवाच.

सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची सोय असते. एक डिस्क बिघडली तर ती उपयोगी पडते. चुकून पुसलेली फाइल, वीज पडणे किंवा चोरी यांवर तिचा इलाज नाही. दहा वर्षांपूर्वीचा छातीचा एक्स-रे आजच्या डागाशेजारी ठेवून पाहता आला, तर डाग जुना की नवा हे डॉक्टरला चटकन कळते आणि कधी कधी पुढचा सीटी स्कॅन टळतो. अशा रिपोर्टची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून अमरावतीच्या नातलगाकडे ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी उघडून पाहावी.